जुन्या लॅपटॉपवर फुकटचं ऑफिस आणि धड मराठी: नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुना लॅपटॉप घेतला की दुकानदार हमखास विचारतो, "भाऊ, ऑफिस टाकून देऊ का? चारपाचशेत होऊन जाईल." ऑफिस म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरेंचा संच. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडून शिकायला आलेली पोरं मान डोलावतात, कारण कॉलेजात पहिल्याच आठवड्यात असाइनमेंट टाइप करून मागतात. चारपाचशेत जे बसतं ते बहुधा चोरीचं असतं. ते चालू करायला एक छोटा प्रोग्राम लागतो आणि तो बसवताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगितलं जातं. ज्याला घरात घेण्यासाठी राखणदाराला बाहेर काढावं लागतं, त्याच्या भरवशावर बँकेचा पासवर्ड कशाला ठेवायचा?

त्याची गरजही नाही. कायदेशीर, फुकट आणि पूर्ण ताकदीचं ऑफिस अर्ध्या तासात बसतं. खरा वेळ खातं ते मराठी: कीबोर्ड, फॉन्ट आणि दुसऱ्याकडून आलेल्या फायली. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आणि सोसायटीच्या हिशेबाचे बरेच संगणक मी असे लावून दिले आहेत. तेव्हा डाउनलोडबद्दल थोडक्यात आणि मराठीबद्दल सविस्तर सांगतो.

आधी हाताशी काय हवं

- विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक. ४ जीबी रॅम असेल तर काम आरामात होतं.
- डिस्कवर दीडदोन जीबी मोकळी जागा.
- साधारण चारशे एमबी डाउनलोड होईल एवढं नेट. होस्टेलचं वायफाय रडत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट बरा.
- संगणकाचा अ‍ॅडमिन पासवर्ड. जुन्या लॅपटॉपवर आधीच्या मालकाचंच खातं राहिलेलं असतं. दुकानातून निघण्याआधी ते काढून घ्या.
- एक पेन ड्राइव्ह.

आधार, पॅन, ओटीपी, कार्ड नंबर यातलं काहीही लागत नाही. कुठल्या पानाने मागितलं तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

१. कोणतं घ्यायचं ते ठरवा

माझं उत्तर लिब्रेऑफिस. त्यात पत्रं-अहवाल लिहायला रायटर, हिशेबाला कॅल्क, स्लाइडना इम्प्रेस, चित्रं-आकृत्यांना ड्रॉ, माहितीसाठ्याला बेस आणि गणिती सूत्रांना मॅथ आहे. नव्या माणसाला पहिल्या तिघांशीच गाठ पडते.

जुने लेख वाचून अनेक जण ओपनऑफिस उतरवतात. दोघांचं मूळ एकच. जर्मनीतल्या स्टारऑफिसची कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि त्यातून ओपनऑफिस मुक्त झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेल्यावर बऱ्याच कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली, द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि लिब्रेऑफिस जन्मलं. ओपनऑफिस आजही अपाची फाउंडेशनकडे आहे, पण त्यात नवीन फार काही होत नाही. शिवाय ते डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करत नाही. कॉलेज डॉकएक्स मागतं, त्यामुळे विषय तिथेच संपतो.

ओन्लीऑफिसही फुकट आणि मुक्त आहे, चेहरामोहरा वर्डसारखा आहे. तुमचं सगळं काम इतरांच्या डॉकएक्स फायलींवरच असेल तर ते जरूर पाहा. डब्ल्यूपीएस फुकट मिळतं, पण मुक्त नाही, आणि फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात.

२. योग्य ठिकाणावरूनच उतरवा

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लिब्रेऑफिस डॉट ओआरजी हा पत्ता इंग्रजीत स्वतः टाइप करा. शोधून गेलात तर वरच्या जाहिरातींवर क्लिक करू नका. नावासारखी नावं असलेली पानं असतात आणि ती सोबत भलतंसलतं गळ्यात मारतात.

मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्येही लिब्रेऑफिस आहे, पण तिथे पैसे मागतात. ती फसवणूक नाही, तो पैसा प्रकल्पाच्या कामालाच जातो. मात्र तेच सॉफ्टवेअर संस्थेच्या साइटवर फुकट आहे. डाउनलोडनंतर देणगी मागणारं पान येतं, ते ऐच्छिक आहे. सवडीने द्या. मी तरी देतो.

आवृत्तीच्या आकड्यांना घाबरू नका. २०२४ पासून आवृत्तीला वर्ष आणि महिन्याचं नाव असतं: २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४, २५.८ म्हणजे ऑगस्ट २०२५. साइटवर दोन आवृत्त्या दिसल्या तर प्रबंध, हिशेब असल्या कामाला जुनी घ्या, ती जास्त मुरलेली असते. घरच्या संगणकावर अजून विंडोज ७ किंवा ८ असेल तर २५.८ किंवा तिच्यापुढची आवृत्ती चालणार नाही. संस्थेच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून २५.२ उतरवा.

त्याच पानावर मदतीची वेगळी फाइल मिळते. तीही घ्या, नाहीतर एफ-१ दाबल्यावर मदत इंटरनेटवर शोधली जाते आणि खोलीवर नेट नसेल तर काहीच दिसत नाही.

३. बसवा

फाइलवर डबल क्लिक, मग "कस्टम" निवडा. "यूजर इंटरफेस लँग्वेजेस" मध्ये मराठीही आहे. हवी तर घ्या, पण मेनू इंग्रजीच ठेवावेत असं माझं मत आहे. अडलात की मित्र, व्हिडिओ, लॅबमधले सर सगळे "फॉरमॅट", "इन्सर्ट" याच नावांनी सांगणार.

मध्येच जावा हे जोडसॉफ्टवेअर नसल्याची तक्रार आली तर सोडून द्या. ते बेस आणि काही मोजक्या सोयींनाच लागतं.

वर्डची सवय असेल तर पहिल्यांदा उघडल्यावर "व्ह्यू" मध्ये "यूजर इंटरफेस" वर जाऊन "टॅब्ड" निवडा. पट्टी ओळखीची वाटते आणि निम्मी कुरकुर थांबते.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात काही बसवायची परवानगी नसेल तर लिब्रेऑफिस पोर्टेबल आहे. ते पेन ड्राइव्हवरूनच चालतं. जरा सावकाश उघडतं, एवढंच.

४. मराठी कीबोर्ड जोडा

यासाठी काहीच उतरवायचं नाही, विंडोजमध्ये आहेच. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, "अ‍ॅड अ लँग्वेज", मराठी. पुढच्या खिडकीत विंडोजची दर्शनी भाषा बदलण्याची खूण असते, ती काढा, नाहीतर पूर्ण संगणक मराठीत जाईल. भाषा जोडल्यावर तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडता येतो.

दोन रस्ते आहेत. "मराठी फोनेटिक" मध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी शब्द सुचतात. चार ओळींच्या अर्जाला ठीक आहे. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर इन्स्क्रिप्ट शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी सरळ मांडणी आहे. पहिले काही दिवस चिडचिड होते, मग बोटं आपोआप वळतात. भाषा बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा.

इन्स्क्रिप्टमध्ये नवखा अडतो तो "दुसऱ्या", "वाऱ्याने", "तऱ्हा" अशा शब्दांवर. साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य दाबला की रफार वर जातो आणि "दुसर्या" असं उमटतं. त्यासाठी वेगळा ऱ आहे, शिफ्ट धरून जे. म्हणजे "दुसऱ्या" साठी क्रमाने ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ आणि ई. डी म्हणजे हलन्त, सगळी जोडाक्षरं त्याच्यावर उभी आहेत. ळ ला शिफ्ट-एन, ण ला शिफ्ट-सी. एवढं कागदावर लिहून स्क्रीनच्या खाली चिकटवा.

टंकलेखनाचा जुना कोर्स केलेल्यांना आणखी एक सवय मोडावी लागते. जुन्या यंत्रावर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर असायचं. इथे उच्चाराच्या क्रमाने जायचं: आधी क, मग वेलांटी.

५. रायटरला मराठी समजावून सांगा

ही पायरी टाळू नका. लिब्रेऑफिस इंग्रजीसाठी एक फॉन्ट धरतं आणि देवनागरीसाठी दुसरा. देवनागरीला ते "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" म्हणतं, आखूड नाव सीटीएल. हे माहीत नसलं की असं होतं: रिकामं पान उघडलं, इंग्रजी कीबोर्ड चालू असतानाच फॉन्टचा आकार १४ केला, मग मराठीत लिहायला लागलो, तर इंग्रजी शब्द १४ चे आणि मराठी १२ चेच. माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नाही, आकार इंग्रजीच्या खात्यात जमा झालेला असतो.

एकदाच नीट लावून टाका:

- टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांचा विभाग. तिथे "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" समोर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. विंडोजला मराठी जोडलेली असेल तर खूण बहुधा आधीच असते, पण भाषा हिंदी राहिलेली असू शकते. आपल्याकडच्या संगणकांवर हे फार दिसतं.
- त्याच ऑप्शन्समध्ये "लिब्रेऑफिस रायटर" खाली "बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)" येईल. तिथे साधा मजकूर, शीर्षक, यादी यांचे फॉन्ट आणि आकार ठरवा.
- चालू दस्तऐवजात बदल करायचा असेल तर मजकूर निवडून "फॉरमॅट" मधून "कॅरेक्टर" उघडा. आकार सीटीएलच्या खणात बदला.

फॉन्ट कोणता? विंडोजमध्ये निर्मला आहे, स्क्रीनवर वाचायला बरा. मंगल सगळ्यांच्या ओळखीचा, पण त्याच्या ओळी उंच पसरतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी टाकून येतो. तेव्हा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळींचं अंतर "फिक्स्ड" करून आटोक्यात आणा. बाहेरचे फुकट फॉन्ट घ्यायचे तर मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, आयआयटी मुंबईचा शोभिका हे सगळे चांगले आहेत. संस्कृत श्लोक, अवघड जोडाक्षरं असतील तर शोभिकाच घ्या. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल" म्हटलं की झालं. लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा, मग तो यादीत दिसेल.

६. देश आणि कागद

भाषांच्या त्याच विभागात "लोकेल", म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धती वापरायच्या ते असतं. ते अमेरिकेचं राहिलं तर तीन भानगडी होतात. नवं पान ए-४ ऐवजी लेटर आकाराचं येतं आणि प्रिंटमध्ये समास सरकतात. कॅल्कमध्ये ५/१२ लिहिलं की ५ डिसेंबरऐवजी १२ मे होतो. आणि रक्कम लाख-कोटींत न तुटता हजारा-हजारांत तुटते. लोकेल "इंग्लिश (इंडिया)" करा, १२,३४,५६७ असं दिसू लागेल. हिशेबात अंक इंग्रजीच ठेवा. ती शीट पुढे कोणाकडे, कशात उघडली जाईल सांगता येत नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाचं काम असेल तर लीगल आकार लागू शकतो. "फॉरमॅट", "पेज स्टाइल" मधून मिळतो. लिहायला बसण्याआधी विचारून घ्या, नंतर आकार बदलला की सगळी पानं हलतात.

७. फाइल पाठवताना

लिब्रेऑफिसची स्वतःची फाइल ओडीटी. तिच्या पाठीशी ओडीएफ हे खुलं प्रमाण आहे, २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेची मान्यता मिळाली. मी स्वतःची मूळ प्रत नेहमी ओडीटीत ठेवतो. दुसऱ्याला द्यायची वेळ आली की एकच प्रश्न: समोरचा यात बदल करणार आहे का?

करणार नसेल तर पीडीएफ. वरच्या पट्टीवरच बटण आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जातो, त्यामुळे कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर यशोमुद्रा नसला तरी छपाई जशीच्या तशी येते. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉकएक्स पाठवून "काका, दोन प्रती काढा" म्हटलं तर त्याच्याकडे फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात आणि सही करायची जागा पुढच्या पानावर जाते.

करणार असेल तर "सेव्ह अ‍ॅज" मधून डॉकएक्स. सेव्ह करताना "कीप करंट फॉरमॅट" असं काही विचारलं तर घाबरू नका. डॉकएक्समध्येच ठेवायचंय ना, हीच खातरजमा ते करतं. गाइडना नेहमी वर्डचीच फाइल लागत असेल तर ऑप्शन्समधल्या "लोड/सेव्ह" मध्ये नेहमीसाठी डॉकएक्स ठरवून टाका. मात्र गुंतागुंतीची टेबलं, मजकुराच्या चौकटी, तरंगती चित्रं या गोष्टी दोन्हीकडे तंतोतंत सारख्या दिसतीलच असं नाही. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री पहिल्यांदा वर्डमध्ये उघडून पाहू नका, आठवडाभर आधी पाहा.

फार कमी लोक वापरतात अशी एक सोय आहे. "एक्सपोर्ट अ‍ॅज पीडीएफ" मध्ये "हायब्रिड पीडीएफ" ही खूण केली की पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीटी जाते. वाचणाऱ्याला ती साधी पीडीएफ, तुम्ही लिब्रेऑफिसमध्ये उघडली की दुरुस्त करता येणारी. बायोडेटासाठी मी हीच ठेवायला सांगतो.

८. जुन्या कृतिदेव-श्रीलिपीच्या फायली

ऑफिसातून, टायपिंगवाल्याकडून किंवा सोसायटीच्या जुन्या सचिवाकडून फाइल येते. उघडावी तर इंग्रजी अक्षरं, अवतरणचिन्हं आणि सेमीकोलनची खिचडी. फाइल खराब नाही. युनिकोड म्हणजे मराठी अक्षर सगळ्या संगणकांवर मराठीच म्हणून साठवणारी आजची पद्धत. ही फाइल तिच्या आधीच्या पद्धतीत आहे: आत इंग्रजीच अक्षरं, वर मराठीचा मुखवटा घातलेला फॉन्ट. विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे कृतिदेव फार आढळतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधले फॉन्ट हेही भेटतात.

फक्त वाचायची असेल तर तो फॉन्ट बसवा, मजकूर दिसेल. पुढे काम करायचं असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आधी मजकूर निवडून फॉन्टचं नाव पाहा, कारण कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. बदल झाल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी (शेजारच्या अक्षरावर गेलेली असते), रफार, आणि "ऱ्या" चे शब्द. मधे आलेले इंग्रजी शब्द आणि आकडेही बिघडतात, कारण कन्व्हर्टर त्यांनाही मराठीच समजतो.

शपथपत्र, खरेदीखत, आधार क्रमांक असलेले कागद अनोळखी कन्व्हर्टरच्या साइटवर चिकटवू नका. असं पान सरळ पुन्हा टाइप करा.

९. साधा मजकूर आणि सीएसव्ही

टिपणं, कोड, नावांच्या याद्या यांना अख्खं ऑफिस लागत नाही. विंडोजचं नोटपॅड आहेच. त्याहून सरस नोटपॅड प्लस प्लस, २००३ पासून फुकट आणि मुक्त आहे. ते फक्त विंडोजवर चालतं. विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली असेल तर जीनी किंवा केट घ्या.

मराठी मजकूर सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ हवं; त्यात युनिकोडची सगळी अक्षरं मावतात. एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह केलं की देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि फाइल बंद केल्यावर ती परत येत नाहीत. नोटपॅड प्लस प्लसच्या "एन्कोडिंग" मेनूत दोन प्रकार आहेत. नुसतं "यूटीएफ-८" म्हणजे फाइल यूटीएफ-८ समजून वाच, "कन्व्हर्ट टू यूटीएफ-८" म्हणजे खरोखर बदल. दुसरं वापरा.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी यादी. मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की पुष्कळदा कचरा दिसतो. कॅल्क आधी विचारतं. त्या खिडकीत "कॅरेक्टर सेट" यूटीएफ-८ करा, विभाजक म्हणून स्वल्पविराम निवडा. खाली नमुना दिसतो, नावं नीट दिसली तरच ओके. खाते क्रमांकाच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून "टेक्स्ट" निवडा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. शिष्यवृत्तीच्या यादीत तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

१०. लाइट जाते, हे धरून चाला

मे-जूनच्या वादळात लाइट कधी जाईल नेम नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच असते. "लोड/सेव्ह" मधल्या "जनरल" मध्ये ऑटोरिकव्हरी (अचानक बंद पडल्यास परत मिळावं म्हणून आपोआप ठेवली जाणारी प्रत) दहा मिनिटांची असते, ती तीनवर आणा. शेजारच्या बॅकअप प्रतीच्या खुणेवर टिक करा. तरीही कंट्रोल-एस दाबायची सवय ठेवा, कारण ऑटोरिकव्हरी म्हणजे सेव्ह नव्हे. दर रविवारी कामाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर दोन्ही जातात.

११. अपडेट

विंडोजवर लिब्रेऑफिस नवी आवृत्ती आल्याचं सांगतं, पण ती उतरवून बसवणं बहुधा तुमच्याकडेच असतं. जुनी काढायची गरज नाही, नवी तिच्यावरच बसते आणि तुमची सेटिंग्ज राहतात. परीक्षा किंवा प्रबंधाची तारीख तोंडावर असेल तर ती होऊन जाऊ द्या, मग अपडेट करा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप ११ ला पात्र नसेल तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या फुकट प्रकाराचा विचार करा, त्यात लिब्रेऑफिस आधीपासूनच असतं. पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतोय का ते आधी बघा. डिस्कला हात त्यानंतरच लावा.